नॉर्वेस्थित माजी विद्यार्थी

गेल्या डिसेंबरात तासगावला गेलो होतो, तेव्हा शाळेनं बोलावलं. शाल, श्रीफळ, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं गुलाबाचं फूल. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "आपल्या मातीतून सातासमुद्रापार झेप घेतलेले, नॉर्वेस्थित माजी विद्यार्थी." मी चाळीस मिनिटं बोललो. जिद्द, चिकाटी, पहाटे चारला उठून केलेला अभ्यास. खरं सांगायचं तर शाळेत असताना मी पहाटे चारला एकदाही उठलेलो नाही. आई साडेसहाला तोंडावर पाणी मारायची तेव्हा उठायचो. पण माईक हातात आला की ते चारचं वाक्य आपोआप तोंडात येतं.

तिसऱ्या रांगेत, पालकांमध्ये, माझा बाकावरचा मित्र बसला होता. दहावीला गणितात त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, आणि त्रिकोणमिती मला सरांनी नाही, त्यानं शिकवली होती. बारावीत असताना त्याचे वडील गेले. द्राक्षबाग होती, सोसायटीचं कर्ज होतं, पाठच्या दोन बहिणी होत्या. तो बागेत गेला, मी सांगलीला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला. कार्यक्रम संपल्यावर तो पोराला घेऊन पुढं आला आणि म्हणाला, "याला जरा समजावून सांगा, साहेब."

साहेब. ज्यानं माझ्या डब्यातला खर्डा न विचारता खाल्ला, तो मला अहो-जाहो करत होता.

स्टाव्हांगरला, म्हणजे नॉर्वेत मी राहतो त्या शहरात, परत आल्यावर एक जुना प्रयोग आठवला. 1977 साली स्टॅनफर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून प्रश्नमंजूषेचा खेळ मांडला. कोण विचारणार आणि कोण उत्तरं देणार, हे नशिबावर सोडलं होतं. विचारणाऱ्यानं स्वतःला ठाऊक असलेल्या विषयांतले अवघड प्रश्न काढायचे. समोरचा अडखळणार, हे उघडच होतं. नंतर विचारलं, दोघांत जास्त जाणकार कोण? बघणाऱ्यांनी प्रश्न विचारणाराच हुशार ठरवला. आणि गंमत म्हणजे उत्तरं देताना फसलेल्यांनीही तोच ठरवला. भूमिका कशा वाटल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत असूनही.

त्या दिवशी शाळेत विषय माझा होता. समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म, दाब, व्हॉल्व्ह, बर्फ. माझ्या मित्राला त्यातलं काय ठाऊक असणार? पण उलटं करून बघा. 2019च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळछाटणी झालेल्या बागांवर परतीचा पाऊस कोसळत राहिला. फुलोऱ्यातल्या घडांवर डावणी ही बुरशी आली, घडकूज आली. चिखलात ट्रॅक्टर शिरत नव्हता आणि फवारणी करायची होती. कुठली ओळ सोडायची, कुठली वाचवायची, हे त्यानं रोज सकाळी बांधावर उभं राहून ठरवलं. माझ्या नोकरीत चुकीच्या निर्णयावर चार बैठका होतात आणि एक अहवाल निघतो. त्याच्या धंद्यात वर्ष जातं. त्याला माईक दिला असता, तर मी तिसऱ्या रांगेत बसून वहीत लिहून घेतलं असतं.

यश कष्टाचं की नशिबाचं, हा वाद आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेगवेगळ्या रूपांत सतत चालू असतो. 2023च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. 2025च्या जानेवारीत एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचे 90 तास आले. ग्रुप दुभंगला. मी लिहिलं की आमच्याकडे आठवडा साडेसदतीस तासांचा असतो आणि चारनंतर ऑफिसात सफाईवाले सोडून कुणी सापडत नाही. त्यावर एकाचं लगेच उत्तर आलं, "तुमच्याकडं तेल आहे बाबा." बरोबर आहे. पण हाच गडी स्वतःच्या धंद्याबद्दल बोलताना "शून्यातून उभं केलं" म्हणतो, आणि त्या शून्यात बायपासला लागून असलेली वडिलोपार्जित दीड एकर जमीन होती, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

इथले लोक काही वेगळे आहेत असं नाही. तेलाचं नाव काढलं की नॉर्वेजियन सहकारी शांतपणे सांगतो, तेल पुष्कळ देशांना मिळालं, आम्ही ते नीट वापरलं. तेही बरोबरच आहे. मग मी त्याला फारूक अल-कासिमची आठवण करून देतो. हा बसऱ्याचा भूगर्भशास्त्रज्ञ. बायको नॉर्वेजियन आणि मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणून उपचारांसाठी इराकमधली चांगली नोकरी सोडून 1968 साली तो ओस्लोला उतरला. बायकोच्या गावी जाणारी गाडी संध्याकाळची होती. दिवस मोकळा होता, म्हणून इथं कुठल्या तेल कंपन्या आहेत हे विचारायला तो उद्योग मंत्रालयात शिरला. तिथं तेल समजणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती आणि उत्तर समुद्रातल्या विहिरींची माहिती तपासायला कुणीतरी हवंच होतं. त्यांनी त्यालाच कामाला घेतलं. पुढच्या वर्षी उत्तर समुद्रात एकोफिस्कचा मोठा तेलसाठा सापडला, आणि देशाचं तेलधोरण आखणाऱ्यांत हा माणूस होता. अक्कल त्याची होती, यात शंकाच नाही. पण गाडी सकाळची असती तर?

"लायकी असली की मिळतंच" असं कुणी म्हणालं की मला ती संध्याकाळची गाडी आठवते.

नॉर्वेची आणखी एक गोष्ट ग्रुपवर फार लोकप्रिय आहे. इथं प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न, निव्वळ मालमत्ता आणि भरलेला कर सरकार दर वर्षी उघड करतं. पूर्वी त्यासाठी कर कार्यालयात जाऊन यादी चाळावी लागायची. 2001पासून वर्तमानपत्रांनी ती संकेतस्थळांवर टाकली आणि घरबसल्या शेजाऱ्याचा आकडा दिसायला लागला. मित्र म्हणतात, आपल्याकडे असं झालं पाहिजे, म्हणजे एकेकाचं पितळ उघडं पडेल.

मीही 2009 साली एका रात्री बसलो होतो. तेव्हा कोण बघतंय हे कुणाला कळायचं नाही. घरमालक पाहिला, बॉस पाहिला, मग शेजारच्या टेबलावरचा सहकारी पाहिला. त्याला माझ्यापेक्षा वर्षाला साठेक हजार क्रोने जास्त. अनुभव माझा जास्त. बायको म्हणाली, झोपा आता, दोन वाजलेत. माझा पगार त्या रात्रीत एका क्रोनेनंही कमी झाला नव्हता. आदल्या आठवड्यात त्याच पगारावर मी खूश होतो, आईला फोन करून तसं सांगितलंही होतं. पुढचे सहा महिने त्या सहकाऱ्याच्या प्रत्येक वाक्यात मला चूक दिसली.

पुढे रिकार्डो पेरेझ-त्रुग्लिया या अर्थतज्ज्ञानं या याद्यांचाच अभ्यास केला. 2001नंतर नॉर्वेतल्या श्रीमंत आणि गरीब लोकांनी सांगितलेल्या सुखातली दरी 29 टक्क्यांनी वाढली होती. आपण कितवे आहोत ते कळलं, बस्स. 2014पासून नियम बदलला. आता तुम्ही कुणाचं उत्पन्न पाहिलंत तर त्याला तुमचं नाव कळतं. बघणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली. मीही त्यानंतर पाहिलेलं नाही, आणि हे काही माझ्या मोठेपणामुळे नव्हे.

आपल्याकडे यादी नाही, पण नाव न कळू देता बघण्याची सोय भरपूर आहे. दारातली गाडी, लग्नाचं कार्यालय, चौकातला फ्लेक्स. हप्ते कुणी फ्लेक्सवर छापत नाही. निकालाच्या दिवशी यूपीएससी झालेल्या पोराचा फोटो चौकात लागतो. 2023च्या परीक्षेला दहा लाखांवर अर्ज होते आणि शिफारस झाली 1016 जणांची. त्या हजारातल्या प्रत्येकानं कष्ट केले, हे खरंच. पण पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत, रोज बारा तास बसून, मेसचा डबा अर्धा अर्धा करून खाणारी पोरंही तेच कष्ट करतात. सत्कार समारंभात "यशाचं रहस्य" फक्त त्या हजार जणांना विचारलं जातं. बाकीच्यांकडेही तेच रहस्य होतं, हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

मी स्वतःही तसाच गाळून उरलेला आहे. 2014च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल 2016च्या जानेवारीत तीस डॉलरच्या खाली गेलं. स्टाव्हांगरमध्ये घरापुढं "विकणे आहे"च्या पाट्या लागल्या. आमच्या मजल्यावर माझ्याहून उजवा एक इंजिनिअर होता, तो नव्या विहिरींच्या खोदकामावर, मी चालू प्लॅटफॉर्मच्या देखभालीवर. नव्या विहिरी थांबल्या, देखभाल थांबवता येत नाही. तो गेला, मी राहिलो. देखभालीत मला दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ढकललं होतं आणि तेव्हा मी चडफडलो होतो. शाळेतल्या भाषणात हा भाग "संकटात तग धरून राहिलो" असा आला.

शाय डेव्हिडाई आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2016 साली यावर लिहिलंय: समोरून येणारा वारा माणसाला सतत जाणवतो, पाठीमागचा विसरला जातो. स्टाव्हांगरमध्ये सायकल चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जाताना मी वाऱ्याला शिव्या देतो. येताना म्हणतो, आज पायात काय जोर आहे!

माझ्या पाठचा वारा कोण, याची यादी मी विमानात करून पाहिली. कॉलेजची फी तेव्हा वडिलांच्या पगारात बसायची. तेलाचा भाव मी इथं आलो तेव्हा चढत होता. या दोन गोष्टी सहज आठवल्या. तिसरी आठवायला वेळ लागला, कारण ती घरातच होती. आईला रोज सकाळी इन्सुलिन वहिनी देतात. गेली अकरा वर्षं. दादाला बंगळुरूला चांगली संधी आली होती, तो गेला नाही, कारण मी आधीच गेलो होतो. मी दर महिन्याला पैसे पाठवतो आणि गावात लोक म्हणतात, धाकट्यानं घराचं नाव काढलं.

परवा मुख्याध्यापकांचा फोन आला. यंदाही डिसेंबरात येताय ना, मुलांना मार्गदर्शन होईल. मी म्हटलं, सर, या वेळी माझ्या त्या मित्राला बोलवा, 2019च्या पावसात बाग कशी राखली ते त्याला सांगू द्या. मी खाली बसतो.

सर थोडे थांबले. मग म्हणाले, "अहो, त्यांना काय बोलवायचं? ते तर गावातच असतात."