एप्रिलमध्ये ओरडून काय उपयोग?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहणाऱ्यांनी तरी वाचा, बाकीच्यांनी वाटलं तर.

१ जानेवारी २०२६ पासून आपल्याकडे मील्स टॅक्स, म्हणजे बाहेरच्या तयार जेवणावरचा कर, लागू झाला. हॉटेलच्या बिलावर ६ टक्के सेल्स टॅक्स होताच, वर आणखी ४ टक्के. तेव्हापासून व्हॉट्सॲप ग्रुपवर डोशाच्या बिलांचे फोटो फिरतायत आणि काउंटीच्या नावाने शिमगा चाललाय. "२०१६ ला मतदानात आपण नको म्हटलं होतं ना? मग आता कुणाला विचारून लावला?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर शोधायला राज्याच्या राजधानीला, रिचमंडला जावं लागतं. २०२० साली तिथल्या जनरल असेंब्लीने, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने, कायदा बदलला, काउंट्यांवरची सार्वमताची अट काढली आणि ६ टक्क्यांपर्यंत मील्स टॅक्स लावायची मुभा दिली. काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने मे २०२५ मध्ये ती वापरली. (हर्नडन आणि व्हिएन्ना ही टाउन्स स्वतःचा मील्स टॅक्स आधीपासूनच घेत होती. तिथे बसून काउंटीला शिव्या घालणाऱ्यांनी बिल नीट बघा.)

व्हर्जिनियात डिलन रूल चालतो. जॉन डिलन हे आयोवातले न्यायाधीश, त्यांनी १८६८ मध्ये हे तत्त्व मांडलं. राज्याने स्पष्ट दिलेले, त्यातून ओघाने येणारे आणि ज्यांच्यावाचून कामच अडेल असे, एवढेच अधिकार स्थानिक संस्थेला. शंका आली की निकाल राज्याच्या बाजूने. ११ लाखांहून जास्त वस्तीची, देशातल्या श्रीमंत काउंट्यांत गणली जाणारी आपली काउंटी प्लास्टिकच्या पिशवीवर पाच सेंट लावायलाही रिचमंडची परवानगी लागते म्हणून थांबून होती. परवानगी २०२० मध्ये आली, कर १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाला. त्यातही दुकानदाराने किती सेंट ठेवायचे (आधी दोन, २०२३ पासून एक) आणि उरलेले पैसे कशावर खर्च करायचे, हेही राज्यानेच ठरवून दिलं. भाजीच्या पातळ पिशवीला सूट, तीही कायद्यातच लिहिलेली. गावाकडे जिल्हा परिषद मुंबईकडे डोळे लावून बसते म्हणून आपण हळहळतो. इथेही फार वेगळं नाही, फक्त फाइल पीडीएफमध्ये असते.

म्हणून जानेवारीत असेंब्लीचं अधिवेशन भरण्याआधी बोर्ड दरवर्षी एक लेजिस्लेटिव्ह प्रोग्रॅम मंजूर करतं. राज्याकडून काय हवं, काय नको, याची ती यादी. मी ती वाचते. माझी तक्रार एवढीच की ती फार लांब असते. शाळा, मेट्रो, रस्ते, घरं, बंदुका, पर्यावरण, समाजकल्याण, सगळंच महत्त्वाचं. आमदाराच्या हातात इतकं जाडजूड बाड ठेवलं की तो त्यातलं सोयीचं उचलतो आणि बाकीचं पुढच्या वर्षावर ढकलतो.

माझ्या मते मागणी एकच हवी, ती म्हणजे शाळांचे पैसे. बाकी सगळं तिच्या खाली. राज्याच्याच विधिमंडळाच्या जेएलएआरसी या तपासणी संस्थेने २०२३ मध्ये लिहून दिलंय की इतर राज्यांतल्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे व्हर्जिनियातल्या शाळांपेक्षा सरासरी १४ टक्के जास्त पैसे मिळतात. शाळांचा खरा खर्च किती हे निधी ठरवायच्या राज्याच्या सूत्राला कळतच नाही. २००९ च्या मंदीत सपोर्ट स्टाफच्या निधीवर मर्यादा घातली गेली आणि मंदी गेल्यावरही ती वर्षानुवर्षं तशीच राहिली. वर लोकल कंपोझिट इंडेक्स, म्हणजे शाळांच्या खर्चातला किती वाटा काउंटीने उचलायचा ते ठरवणारा आकडा. घरांच्या किमती, लोकांचं उत्पन्न आणि दुकानांची विक्री धरून तो काढतात, आणि आपला ०.६५ च्या आसपास असतो. म्हणजे सूत्रात बसणाऱ्या खर्चातले शंभरातले पासष्ट आपले आणि सूत्राबाहेरचे तर जवळजवळ सगळेच आपले. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या टाउनहाउसची किंमत कागदावर फुगली म्हणजे त्यात राहणाऱ्या पेन्शनर काकूंच्या हातात पैसा आला असं नव्हे. पण इंडेक्सला काकू दिसत नाहीत, घर दिसतं.

राज्य कमी देतं, म्हणून काउंटी घरपट्टी वाढवते. काउंटीच्या महसुलात घरपट्टीचाच वाटा सगळ्यात मोठा, आणि खर्चातला निम्म्याहून जास्त भाग शाळांना जातो. घरपट्टी आणखी ताणवत नाही, म्हणून मील्स टॅक्स. शाळांच्या इमारतींसाठी सार्वमत घेऊन एक टक्का सेल्स टॅक्स लावू द्या, असं विधेयक २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. तेव्हाचे गव्हर्नर यंगकिन यांनी व्हेटो केलं. लोकांना विचारूनच कर लावायचा होता, तरी नाही म्हणाले.

बोर्डाची वकिली करायचा माझा हेतू नाही. डिलन रूल हे त्यांचं आवडतं पांघरूण आहे. नको असलेली गोष्ट मागा, लगेच "आम्हाला अधिकार नाहीत". आणि अधिकार मिळाला की २०१६ चा कौल विसरायला वेळ लागत नाही. कायद्याने सार्वमताची सक्ती काढली होती, सार्वमत घ्यायला बंदी नव्हती घातली. निदान पुन्हा एकदा लोकांसमोर जायचं होतं.

आपलेही लोक एप्रिलमध्ये बजेटच्या सुनावणीला जाऊन घरपट्टीवर तावातावाने बोलतात. तोवर रिचमंडचं अधिवेशन आटोपलेलं असतं. बोलायची वेळ जानेवारीच्या सुरुवातीची. तेव्हा काउंटीतले सगळे आमदार आणि सिनेटर गव्हर्नमेंट सेंटरमध्ये बसून लोकांचं ऐकतात. नाव आधी नोंदवावं लागतं, बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. सांस्कृतिक कार्यक्रमाला पन्नास गाड्या निघतात आपल्या, इथे पाच निघाल्या तरी पुष्कळ. पुढच्या वेळी मी फक्त शाळांच्या सूत्रावर बोलणार आहे. हर्नडनहून कुणाला यायचं असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, गाडीत तीन जागा आहेत.