हलकी सिस्टिम देता, मग फॉन्ट काऊन काढता?

राजेहो, जुन्या कॉम्प्युटरसाठी हलकं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली सिस्टिम) बनवणाऱ्यांना एकच विचारायचं हाय, हलकं करायचं म्हणजे पयले आमची भाषाच काढून टाकायची का? १ जीबी रॅमच्या डब्यावर सिस्टिम मस्त पळते, मान्य, पण सातबारा उघडला की शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसते चौकोन! काऊन, तर सोबत दिलेल्या डेजावू फॉन्टमधे देवनागरी नाहीच. लोहित देवनागरी नावाचा मराठी दाखवणारा फॉन्ट एक एमबीचासुद्धा नाही, तेवढा टाकायला काय होते? "नेटवरून घ्या" म्हणतात. आमच्या खेड्यात नेट दिसते कुठं, टॉवरखाली जाऊन उभं राहायचं का?

अन् लाईनचं काय? पपी लिनक्स, असंच एक हलकं लिनक्स, पेनड्राईव्हवरून चालवलं की बदल रॅममधे राहतात, पेनड्राईव्हवर ते मधूनमधून नाहीतर बंद करताना जातात, आता कपाशीच्या दिवसात लाईन कवा जाईल हे एमएसईबीलाही सांगता येत नाही, पोरगी तासभर बसून स्कॉलरशिपचा अर्ज टाईप करते अन् फट्कन स्क्रीन काळी, गेलं सगळं. किती मिनिटांनी सेव्ह करायचं हे पयल्यांदा चालू करतानाच विचारा नं! सेटिंग आहे, पण आत कुठंतरी दडवून ठेवलेली, ते त्या पोरीनं शोधायचं?

वरून ३२ बिट, म्हणजे जुन्या प्रोसेसरवर चालणारी सिस्टिम, बंद करत चाललेत. बरेच हलके लिनक्स ज्या डेबियन लिनक्सवरून बनतात, त्याच्या २०२५ च्या डेबियन १३ मधे ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. अरे, जुन्या मशीनसाठीच बनवता नं बाप्पा? मग जुनी मशीन जाईल कुठं? निदान हलक्यावाल्यांनी तरी ३२ बिट सोडू नका, अन् फॉन्ट टाका, आजच टाका.