मुंग्या, पट्टे आणि नानामामा

लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमधलं चित्र बिघडलंय की ते मुळातच तसं काढलंय, हे ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. त्याचे क्लास निघत नाहीत. ज्याची आई माळ्यावरून कॅसेटींची पिशवी खाली काढते आणि "एवढं सगळं त्या पेनड्राइव्हमध्ये घालून दे रे" म्हणते, त्याला ते झक मारत शिकावं लागतं.

पिशवीत ताईचं लग्न होतं. सातारा, १९९३. आमच्याकडे ते लग्न दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक म्हणजे मठ्ठा कमी पडला. आणि दुसरी, नानामामा रुसून न जेवता गेला. त्याला मानाचा फेटा उशिरा बांधला, म्हणून. "तुमच्या लग्नात मी पाण्याचा थेंब घेतला नाही," हे वाक्य मामाने त्यानंतरच्या प्रत्येक बारशा-मुंजीत जेवता जेवता ऐकवलेलं आहे.

कॅसेट होती, पण लावायची कशावर? व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, आणि तिनेही २०१६ मध्ये हात टेकले. म्हणून लॅमिंग्टन रोडवर एक जुना व्हीसीआर शोधला. विकणारा म्हणाला, "साहेब, पीस एकदम ओके. फक्त कॅसेट काढताना वरून एक थाप मारायची." सोबत पिवळी-पांढरी-लाल पिनांची वायर आणि व्हीसीआरचं चित्र संगणकात नेणारा, यूएसबीला लावायचा एक काळा डोंगल. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. इथपर्यंत सगळं सोपं होतं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा ताई काळी-पांढरी दिसत होती आणि संथपणे वर सरकत होती. सप्तपदी चालू असताना वधू छतातून निघून जाते आणि पायाकडून परत उगवते. आई म्हणाली, "मिक्सिंग असेल." हा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, कारण आमच्या शूटिंगवाल्याने पुढे ताईला बदामात बसवून गरागरा फिरवलेलं आहे. पण हे मिक्सिंग नव्हतं. संगणकाला वाटत होतं, लग्न अमेरिकेत झालं. तिकडची पद्धत एनटीएससी, चित्राच्या ५२५ रेघा. आपली पाल, ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं. सेटिंगमध्ये जाऊन पाल निवडलं, तशी ताई जागेवर थांबली आणि शालू हिरवा झाला.

मग मुंग्या. पडदाभर. मुंग्या आल्या की घरातला प्रत्येक पुरुष तज्ज्ञ होतो. भावजी म्हणाले, दहाची नोट घाल आणि हेड पूस. ऐंशीच्या दशकात भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर पिक्चर बघणाऱ्या पिढीचा हा रामबाण उपाय. आतमध्ये एक चकचकीत ड्रम असतो, तो मिनिटाला १५०० फेरे फिरतो आणि त्याच्या कडेला कॅसेटची फीत वाचणारी, नखाच्या टोकाएवढीही नसलेली दोन नाजूक हेडं असतात. तिथे जगभर फिरून आलेली नोट घासायची! मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दोरे न सुटणारं कापड आणलं. कापड स्थिर धरायचं आणि ड्रम हाताने हळूच गोल फिरवायचा. वर-खाली घासायचं नाही, हेड तुटतं. कापडावर काळी रेघ उमटली की समजायचं, लागलं हाताला. कापसाच्या काड्या घेऊन शेजारचे काका मदतीला आले होते. त्यांना चहा दिला आणि गप्पांत गुंतवलं.

दुसऱ्या कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी पूड दिसत होती. बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्याची कृपा. अशी कॅसेट तशीच चालवली की बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटलाही. तिला वेगळ्या पिशवीत घालून बाजूला ठेवलं. "मुंज होती त्यात," आई म्हणाली. माझीच. गोटा केलेला तो पुरावा बाहेर यायची मला तशी घाई नाही.

आता चित्र स्वच्छ. आणि तेवढ्यात संगणकाने जाहीर केलं की हा मजकूर संरक्षित आहे, नक्कल करता येणार नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न! चोरी टाळण्यासाठी सिनेमाच्या कॅसेटींमध्ये मुद्दाम खोडसाळ सिग्नल घातलेला असायचा. जुनी कॅसेट ताणली-थकली की तिचा सिग्नल इतका डळमळतो की डोंगलला तोच संशय येतो. जुना टीव्ही बिचारा समजूतदार होता, एखादी रेघ उशिरा आली तरी सांभाळून घ्यायचा. डोंगल म्हणजे मस्टर घेऊन बसलेला हेडक्लार्क, उशिरा आलेल्या रेघेची सही घेत नाही. मग पडदा निळा, नाहीतर चित्राची वरची बाजू वाऱ्यावरच्या पताकेसारखी वाकडी. गुरुजींचं डोकं एकीकडे आणि मंगलाष्टकं दुसरीकडे.

यावरचा उपाय मला फार आवडला. कुणालाच नको असलेला एक डीव्हीडी रेकॉर्डर घ्यायचा आणि व्हीसीआर व डोंगल यांच्या मध्ये बसवायचा. त्यात रेकॉर्ड काहीच करायचं नाही. तो रेघा गोळा करतो, ओळीत लावतो आणि वेळेवर पुढे पाठवतो. सगळ्या रेकॉर्डरना हे जमत नाही, आमच्या सुदैवाने याला जमलं. गुरुजी सरळ झाले.

बाकीचं किरकोळ. हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसत होते, कारण जुनं चित्र एक आड एक रेघांच्या दोन अर्ध्यांत येतं. डीइंटरलेस फिल्टर लावला, गेले. आवाज चित्राच्या मागे पडत होता, म्हणजे उखाणा संपल्यावर ऐकू यायचा. मधल्या फ्रेम गळत होत्या. ब्राउझर आणि बाकी सगळं बंद केल्यावर उखाणा वेळेवर आला. नाव घेताना ताई लाजते तिथे चित्र निळं पडतं, ते काही केल्या गेलं नाही. ते शूटिंगवाल्याचं खरंखुरं मिक्सिंग निघालं. त्याच्यापुढे संगणक काय करणार?

शेवटी चित्राच्या तळाशी फाटकी, थरथरणारी पट्टी राहिली. तीही बिघाड नव्हे. एका हेडकडून दुसऱ्याकडे काम सोपवलं जातं ती जागा. सगळ्याच कॅसेटींत ती असते, पण पूर्वी दिसायची नाही, कारण पिक्चर ट्यूबवाला टीव्ही चित्राच्या चारही कडा चौकटीमागे दडवायचा. संगणक काही दडवत नाही. तळाची पट्टी कापून टाकावी म्हणून मी कडा नीट बघत बसलो होतो. पंगत चालू होती. मध्यभागी भावजी ताईला घास भरवत होते, लाइटवाला पोऱ्या हॅलोजन धरून घामाघूम झाला होता. आणि अगदी डाव्या कडेला, जो भाग इतकी वर्षं आमच्या टीव्हीने कुणालाच दाखवला नव्हता, तिथे नानामामा. डोक्याला फेटा. वाढपी आग्रह करतोय आणि मामा नको नको म्हणत पान पुढे सरकवतोय. जिलेबी.

आईने तेवढाच तुकडा कापून घेतला आणि 'परिवार' ग्रुपवर टाकला. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मग मामाचा मेसेज आला: "जुन्या कॅसेटीत असं होतं. एका लग्नावर दुसरं लग्न उमटतं. भाच्याला विचारा, त्याला त्यातलं सगळं कळतं."