लिनक्स घरात येईल, पण ते टाकून कोण देणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे मोफत अपडेट थांबले, आणि आमच्या नाशिकच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. काका म्हणाले, कॉम्प्युटर जुना झालाय, देऊन टाका आणि नवा घ्या. चुलतभावाने स्वदेशीचा झेंडा उचलला. मंत्र्यांनी झोहो या भारतीय कंपनीचं मेल घेतलं, आपणही बाहेरचं सगळं सोडायला हवं, असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे दाखलाही ताजा होता. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग त्या पूर्ववत झाल्या. दोघंही पोटतिडकीने बोलतात. मी राहतो जर्मनीच्या उत्तरेला, कील शहरात. घरी अनेक वर्षं लिनक्सच वापरतो, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी खुली, फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. इथल्या राज्य सरकारनेही नेमका हाच प्रश्न हातात घेतलाय. इथून पाहताना मला वाटतं, घरच्या वादात खरा मुद्दा अजून आलेलाच नाही.

लिनक्स फुकट आहे, हे वाक्य इथे लोकांना पटतं. नाशिकमध्ये पटत नाही, कारण तिथे बहुतेक घरांत विंडोजही फुकटच असतं. दुकानदार फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो, ऑफिस टाकतो, ॲक्टिव्हेटर (लायसन्स नसतानाही ते चालू करणारा प्रोग्राम) चालवतो आणि त्याच्या मेहनतीचे चारपाचशे रुपये घेतो. ज्याने लायसन्स कधी विकतच घेतलं नाही, त्याला लायसन्सचे पैसे वाचतील हे सांगून काय उपयोग? त्याला सांगायला हवं ते वेगळंच. ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करतात, कुठून तरी उतरवलेली फाइल पूर्ण अधिकार देऊन चालवतात, आणि संध्याकाळी त्याच मशीनवर घरातलं कोणीतरी पेन्शन जमा झालं का ते बघायला बँकेचा पासवर्ड टाकतं. मला याची मनापासून काळजी वाटते. आपल्या आईवडिलांच्या पिढीची आयुष्यभराची बचत त्या पासवर्डमागे आहे.

इंदिरानगरला आत्याकडे इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा लॅपटॉप आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, त्यामुळे तो बादच ठरला. यंत्र मात्र धडधाकट होतं. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क घातली आणि लिनक्स मिंट ही लिनक्सची एक सोपी आवृत्ती टाकली. चार जीबी रॅमवर ती नीट चालते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. वीजबिल, घरपट्टी, निफाडच्या शेताचा सातबारा, लासलगावचे कांद्याचे भाव, नातवाचा व्हिडिओ कॉल, हे सगळं आता ब्राउझरमध्येच होतं. ब्राउझरखाली काय आहे याने आत्याला काहीच फरक पडला नाही.

फरक पडला तो मराठी लिहिताना. आत्या शाळेत नोकरीला होती, मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली. तिची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर घट्ट बसलेली. सोसायटीच्या नोटिसा तीच लिहिते. मी आधी फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहायची मांडणी, लावून दिली, कारण मी स्वतः तसंच लिहितो. पाच मिनिटांत ती म्हणाली, "अरे, माझा हात अडतोय. मला माझा कीबोर्ड दे." लिनक्सवर भाषा लिहायची सोय देणाऱ्या आयबसमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि रेमिंग्टन अशा मांडण्या आहेत. रेमिंग्टन निवडलं आणि तिने कळांकडे न बघता ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ लिहून टाकलं. तो क्षण बघायला मला फार बरं वाटलं. जगभरातल्या कोणीतरी, बहुधा फावल्या वेळात, मराठी टंकलेखकांच्या बोटांची आठवण ठेवून ती मांडणी तयार करून ठेवलीय.

मग तिने दहा वर्षांच्या जुन्या नोटिसांचा फोल्डर उघडला. पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरांची गिचमीड. त्या फायली कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या. अशा फाइलमध्ये मराठी नसतंच, रोमन अक्षरं असतात, आणि तो फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मजकूर वाचता येत नाही, विंडोज असो की लिनक्स. कन्व्हर्टर वापरून बऱ्याचशा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणल्या, पण रफार आणि जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागली. स्वदेशीचा विचार करायचाच असेल तर माझ्या मते तो इथून सुरू व्हावा. आपल्याच भाषेत लिहिलेलं दहा वर्षांनी आपल्यालाच वाचता यायला हवं. मेल कुठल्या कंपनीचं, हा नंतरचा प्रश्न.

कीलमध्ये, म्हणजे श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात, क्रम असाच ठेवलाय. आधी फाइल: ओडीएफ हा फायलींचा खुला फॉर्मॅट आणि त्यासाठी लिबरऑफिस हे फुकट ऑफिस. मग मेल: ऑक्टोबर २०२५ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक मेलबॉक्स ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या खुल्या मेल-प्रणालींवर नेले. ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात शेवटी. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आल्या, कामं खोळंबली, वर्तमानपत्रांतून टीका झाली, तरी काम चालू आहे. जर्मनीतल्याच म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत जवळपास पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. का, यावर जर्मनीत अजून वाद होतात. पण बाहेरच्या कार्यालयांतून येणाऱ्या वर्ड फायलींचा रोजचा त्रास हे तिथलं एक ठळक दुखणं होतं. चुलतभावाला थेट ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचीय. म्युनिकची गोष्ट त्याने जरूर वाचावी.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियन या लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली, मराठीसकट अनेक भारतीय भाषांत. नाशिकमध्ये मला ती कोणाच्या घरी दिसली नाही. केरळच्या सरकारी शाळांत मात्र गेली अनेक वर्षं मुलं लिनक्सवर शिकतायत. तिथे ‘काइट’ ही सरकारी संस्था शिक्षकांना तयार करते, मुलांचे क्लब चालवते. वर्गातलं मशीन अडलं की मदतीला त्याच शाळेतलं कोणीतरी असतं. मला या दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी केलेल्या लाखो लोकांनी कॉम्प्युटर शिकला तो विंडोजवर. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूसही विंडोजवरच शिकलेला.

आणि या बाबतीत नाशिकची बाजू कीलपेक्षा भक्कम आहे. जर्मनीत दुरुस्ती इतकी महाग की लोक चांगली यंत्रं फेकून देतात. म्हणून स्वयंसेवक दुरुस्ती कॅफे चालवतात, ठरलेल्या दिवशी एखाद्या सभागृहात जमून शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देतात. नाशिकच्या सिडकोत त्यासाठी सभागृह नको. दर दोन गल्ल्यांआड एक पोरगा सोल्डरिंग गन घेऊन बसलेला आहे, आणि त्याला मदरबोर्ड जर्मनीतल्या कित्येक इंजिनिअरांपेक्षा जास्त कळतो. त्याने अजून लिनक्स हातात घेतलेलं नाही, कारण कोणी मागितलंच नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर मराठीतून धडे फुकट आहेत. पंधरा दिवसांत तो पोरगा तयार होईल.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. दादाच्या ऑफिसात टॅली आहे आणि ते विंडोजसाठीच बनतं. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर बसवताना मी घामाघूम झालो. गल्लोगल्लीच्या झेरॉक्सवाल्यांकडे दिसणारा तो छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवणं हे नवख्याचं काम नाही. म्हणून दादाचं ऑफिस विंडोजवरच राहावं, आणि ते त्याने रीतसर विकत घ्यावं, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. घरचं मशीन मात्र वेगळं. तिथे ना टॅली लागतं ना टोकन.

आत्याच्या ओळखीच्या दुकानदाराशी मी फोनवर बोललोय. त्याने दोन जुने लॅपटॉप मिंट टाकून काउंटरवर ठेवायचे, गिऱ्हाइकाला तिथेच मराठी लिहून बघू द्यायचं, आणि टाकून द्यायचे पैसे विंडोजला घेतो तेवढेच घ्यायचे. पहिल्या काही महिन्यांत तो अडला तर मी व्हिडिओवर आहेच. त्याचा एकच प्रश्न होता: प्रिंटरचं काय? चालणाऱ्या प्रिंटरांची यादी मी त्याला पाठवलीय.