कासेर्ता उरकण्याची सोपी पद्धत

युरोप बघायचा नसतो, करायचा असतो. 'गेल्या मे महिन्यात आम्ही इटली केली' हे वाक्य ज्याला सहज म्हणता आलं, त्याचे पैसे वसूल. मीही नुकतंच सदतीस जणांच्या ग्रुपबरोबर नेपल्स आणि शेजारचं कासेर्ता करून आलो. तुमचा उगाच वेळ जाऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

नेपल्समध्ये उतरण्याआधी बसच्या माइकवरून 'पाकिटं सांभाळा' हे तीनदा ऐकून घ्या. मग सॅक पोटाशी बांधून, दोन्ही हातांनी धरून चाला, म्हणजे मान वर करून काही बघण्याचा प्रश्नच उरत नाही. ग्रीकांनी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी आखलेले रस्ते जुन्या शहरात आजही तसेच आहेत म्हणे. असतील. तुम्ही स्कूटरवाल्यांकडे लक्ष द्या. (पुण्याच्या माणसाला त्याची वेगळी तालीम लागत नाही.)

सान्सेव्हेरोच्या चॅपेलमध्ये सानमार्तीनो नावाच्या शिल्पकाराने १७५३ मध्ये घडवलेला ख्रिस्त आहे. त्याच्या देहावरचं झिरझिरीत वस्त्रसुद्धा संगमरवराचं. पण आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा जाऊ नका.

पिझ्झा आला की 'यावर चिली फ्लेक्स नाहीत?' असं विचारा.

कॉफी तिथे काउंटरपाशी उभ्याने पितात. तुम्ही खुर्ची शोधा.

आता कासेर्ता. नेपल्सहून रेल्वेने जेमतेम पाऊण तास, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की समोर राजवाडाच. म्हणून रेल्वेने कधीही जाऊ नका. रेल्वेने गेलेल्या माणसाला परत कधी निघायचं ते स्वतः ठरवता येतं, आणि मग तो हकनाक सगळा राजवाडा बघत बसतो. ग्रुपच्या बसने जा. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत या राजवाड्याला तीन तास होते. पैकी पंचवीस मिनिटं वॉशरूमच्या रांगेत गेली. वीस मिनिटं ग्रुप फोटोत, कारण दर वेळी कुणाचे तरी डोळे मिटलेले. दहा मिनिटं एका काकांचा गॉगल शोधण्यात. तो त्यांच्या डोक्यावर होता. मग आत शिरलो. बाराशे खोल्या. बूर्बोन घराण्यातल्या, नेपल्सच्या चार्ल्स राजाने १७५२ मध्ये, स्वतःच्या वाढदिवशी, पायाचा दगड बसवला. वानव्हितेल्ली या वास्तुकाराने त्यात आयुष्य घातलं, १७७३ मध्ये तो वारला तेव्हाही काम अपुरंच होतं, पुढचं मुलाने बघितलं. मागच्या बागेतल्या कारंज्यांसाठी अडतीस किलोमीटरवरून पाणी आणलंय. बाग सरळ रेषेत तीन किलोमीटर, आणि पार शेवटी डोंगरावरून पडणारा धबधबा. त्या धबधब्यासाठी मी दोन वर्षं पैसे साठवत होतो.

आम्ही दुसऱ्या तळ्यापाशी पोचलो असू, तेवढ्यात मागून हाक आली. मतदान घ्यायचं होतं. जवळ आउटलेट मॉल आहे, तिथे ब्रँडेड वस्तूंवर सूट आहे, बाग काय सगळीकडे सारखीच असते, तर आत्ता निघालो तर मॉलला दोन तास मिळतील. हात वर करा. एकतीस विरुद्ध सहा. टूर मॅनेजर म्हणाला, 'लोकशाही आहे, काका.'

धबधब्याच्या पायथ्याशी अ‍ॅक्टिऑन नावाच्या शिकाऱ्याचं शिल्प आहे, त्याच्या स्वतःच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं ती गोष्ट. शिल्प मी पाहिलं नाही. गोष्ट कळली.

तरी परत येताना जिन्यावर मी सांगून पाहिलं. म्हटलं, इटलीतल्या जर्मन फौजांच्या शरणागतीवर २९ एप्रिल १९४५ ला सह्या झाल्या त्या या राजवाड्यात. त्या इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीची आपली पोरं लढत होती. रायगडचे यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत इटलीतच पडले. नगरच्या नामदेव जाधवांनी सेनिओ नदीवर पराक्रम केला तो या सह्यांच्या जेमतेम वीस दिवस आधी. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

'फार छान माहिती आहे हो,' एक ताई म्हणाल्या, 'ग्रुपवर टाका ना.' आणि बसकडे निघाल्या.

ज्या राजाने हे सगळं बांधायला काढलं तो १७५९ मध्ये स्पेनला निघून गेला, इथे एक रात्रही झोपला नाही. त्याचं समजू शकतो. त्याला स्पेनचं सिंहासन मिळत होतं. आपल्याला काय मिळालं? बेल्टवर तीस टक्के सूट!

अहो, जायचंच नसेल तर जाऊ नका ना. कुणी जबरदस्ती केलीये? बेल्ट घ्यायला एवढे लाख भरून विमानात बसायची काय गरज आहे, मॉल घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. पाय दुखत असतील तर तिथेच बाकावर बसा, कुणी काही म्हणणार नाही, बागेत बससुद्धा फिरते. पण ज्याला बघायचंय त्याला बघू द्या की! दुसऱ्याच्या दोन वर्षांच्या पैशांवर हात वर करून मतं कसली मागता? आणि माहिती ग्रुपवर टाकून कुणी वाचणार आहे का? तिथे, त्या दगडी जिन्यावर उभं राहून दोन मिनिटं ऐकवत नव्हती, ती इथे 'गुड मॉर्निंग'च्या गुलाबांखाली वाचणार आहात?

तो फोटो ग्रुपवर अजून फिरतोय. सदतीस जण, मागे राजवाडा, खाली 'कासेर्ता डन'. काय डन? बाराशेपैकी किती खोल्या पाहिल्या, तेवढं लिहा खाली.