मांडलंय तर विका की!

"हे कितीला?"

"विकायला नाहीये, बघायला ठेवलंय."

"मग मांडलंय कशाला? मांडलंय तर विका की!"

शनिवारी दुपारी वैतागून मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला लागलो. जो हे बोलेल त्याची एक रेघ. संध्याकाळपर्यंत ४१ झाल्या. रविवारी वही पिशवीतून काढलीच नाही.

तर पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात नाणी-नोटा-तिकिटांचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं आणि यंदा त्यात 'लष्करी वस्तूंचं खास दालन' होतं. पदकं, बिल्ले, टोप्या, बटणं, जुने नकाशे वगैरे. मी २२ वर्षं मराठा पलटणींची पदकं गोळा करतोय. जुना बाजार, चोर बाजार, खेड्यापाड्यातली सोनारांची दुकानं, सगळीकडे चपला झिजवल्यात. महिनाभर आधी आयोजकांचा फोन आला. "काका, तुम्ही यायलाच पाहिजे, तुमच्याशिवाय दालनाला शोभा नाही." म्हटलं चला, कुणीतरी विचारतंय. मग कळलं की शोभा आणायचे तीन हजार रुपये मीच भरायचे, आगाऊ. खुर्ची एक फुकट, दुसरीचे दीडशे वेगळे.

आणि खास दालन कुठं? जेवणाच्या हॉलच्या मागं, जिथं एरवी पंगतीची ताटं विसळतात तिथं. जमीन ओली, वर एक ट्यूबलाइट, तीही लुकलुक करणारी. मी घरून टेबल लॅम्प नेला होता, तर प्लगचा एकुलता एक पॉइंट कॉफीच्या मशिनला दिलेला. "काका, लोकांना कॉफी लागते हो." लागते ना. माझ्या टेबलावर जे आहे ते बघायला उजेड लागतो हो, त्याचं काय?

उजेडाचा एवढा आरडाओरडा का, ते सांगतो. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल घ्या. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा सेंट जॉर्ज. व्यास ३६ मिलिमीटर. अशी सुमारे ६५ लाख पदकं निघाली, म्हणजे तोंडावरून सगळी सारखी. त्यात बघण्यासारखं असतं ते कडेवर. नाण्याच्या कडेला दाते असतात ना, तिथं या पदकाच्या कडेवर रोमन अक्षरांत ठोकलेलं असतं: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. अक्षरं ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. पदक बोटांत धरून उजेडाकडं तिरकं करायचं आणि हळूहळू फिरवायचं. मग नंबर येतो, मग हुद्दा, मग इंग्रज कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं आपल्या माणसाचं नाव, आणि शेवटी '११० मराठा एल. आय.', म्हणजे लाइट इन्फंट्री. त्या एका ओळीसाठी मी हे सगळं करतो. बाकी नुसती चांदी.

आणि दोन दिवसांत किती जणांनी कड बघितली? तीन. त्यातला एक आठवीतला पोरगा, त्यानं आपणहून भिंग मागितलं. बाकी सगळे राजाचं तोंड बघून "राणीछाप नाहीये काय?" असं विचारून पुढं.

माझ्याकडं एकाच शिपायाचे दोन नग आहेत. कांस्याचा १९१४-१५ स्टार, ज्याच्या सपाट पाठीवर नाव असतं, आणि व्हिक्टरी मेडल, इंद्रधनुषी फितीचं. दोन्हींवर नंबर तोच, पलटण तीच, ११०. हा स्टार १९१५ संपायच्या आत रणांगणावर पोचलेल्यांनाच मिळायचा, आणि ११० तेव्हा होती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये. हो, पुणे डिव्हिजन. इथूनच गेलेली. तीच पुढं कुत-अल-अमारात तुर्कांच्या वेढ्यात अडकली, १४७ दिवस. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे १३ हजार माणसं कैदेत, आणि त्यातली कितीतरी वाळवंटातून चालता चालता मेली. माझा शिपाई त्यात होता की आधीच जखमी होऊन परत आला होता, हे पदकावर नसतं. पण एक तक्ता करून लावला होता मी, मोठ्या अक्षरात, नकाशासकट. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. रविवारी दुपारी बघतो तर आयोजकांच्या माणसानं त्याच्यावर 'जेवणाचे कूपन येथे मिळतील' चिकटवलेलं. सेलोटेपनं!

त्या शिपायाचं तिसरं, म्हणजे चांदीचं वॉर मेडलच, माझ्याकडं नाही. कधीच गेलं. सेट फोडायचा आणि चांदीचा नग सोनाराला घालायचा, हा आपल्याकडचा जुना रोग. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा जगभर ही पदकं पोत्यांनी आटली. आता किलोचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून पुन्हा तेच सुरू आहे. एक गृहस्थ टेबलासमोर उभे राहून अगदी प्रेमानं म्हणाले, "आमच्याकडं पण होतं असलं. पणजोबांचं. आज्जीनं मोडलं आणि माझ्या उष्टावणाला वाटी केली." वर हसले. मी काय बोलणार? वाटी आहे का अजून, एवढं विचारलं. तीही गेली म्हणे, घरभरणीच्या वेळी.

याच्या उलट गंमत बघा. हेच वॉर मेडल कांस्याचंही निघालं होतं, मजूर पलटणी आणि तसल्या लोकांसाठी, साधारण एक लाख दहा हजार. म्हणजे चांदीच्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ. माझ्याकडं एक आहे. शेजारच्या टेबलावरचा व्यापारी ते हातात घेऊन म्हणतो, "हे पितळी कशाला ठेवलंय, वजा करा." वजा करा! ज्या माणसानं बसऱ्याच्या धक्क्यावर ओझी वाहिली त्याला तेव्हाही चांदी दिली नाही, आणि आता हा टिकोजी टेबलावरूनही त्याला वजा करतोय.

बरं, गर्दी नव्हती असं नाही. गर्दी होती, समोरच्या टेबलावर. तिथं काय होतं? हिटलरच्या जर्मनीचे बिल्ले, खंजीर, आयर्न क्रॉस. पंचविशीतली पोरं नुसती तुटून पडलेली. अरे बाबांनो, इटलीत सेनिओ नदीवर नामदेव जाधव, टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे, दोघंही मराठा पलटणीतले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, लढले कुणाशी? याच खंजीरवाल्यांशी ना? घाडगे तर १० जुलै १९४४ ला तिथंच पडले. त्यांचे फोटो माझ्या टेबलावर आणि पोरं तिकडं. आणि माल तरी खरा असावा! आयर्न क्रॉसचा गाभा लोखंडाचा असतो, नावातच आहे. मी खिशातून चुंबक काढून लावलं. चिकटेना. दुसऱ्याला लावलं, तेही नाही. तर तो विक्रेता माझ्यावरच खेकसला, "काका, भवानीच्या वेळी चुंबक काय लावताय! घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढं व्हा." त्याच्याच बाजूला अॅसिडनं गंजवलेली 'शिवकालीन' तलवार. मूठ वेल्ड केलेली होती, वेल्डिंगचे मणी दिसत होते. तिच्यासोबत फोटो काढायचे पन्नास रुपये. पोलीस आले राउंडला ते मात्र थेट माझ्याकडं. "शस्त्र काय आहे का?" म्हटलं साहेब, माझ्याकडं फीत आणि पिना आहेत, शस्त्रं समोर आहेत. समोर गेले आणि त्यांनीही फोटो काढला.

आणि ते रीलवाले. एकानं न विचारता स्टार उचलला, शर्टाला लावला आणि मित्राला म्हणाला, "घे पटकन, सॅल्यूट मारतो." घामट बोटं, त्यात चिवड्याचं तेल. मी ओरडलो तर म्हणे, "काका, आम्ही प्रमोशनच करतोय ना तुमचं." माझं कसलं प्रमोशन? अपशिंग्याला जा एकदा, सातारा जिल्ह्यात. गावाच्या नावापुढंच मिलिटरी लागतं, पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गेली एका गावची. तिथल्या कुणासमोर असला सॅल्यूट मारून दाखव.

पण माझं डोकं खरं फिरलं ते रविवारी चारला. आवराआवर सुरू झालेली. मागच्या रांगेतल्या एका व्यापाऱ्याकडं चांदीचं वॉर मेडल दिसलं, लखलखीत. तिथंच शंका आली. शंभर वर्षांची चांदी अशी नसते, तिच्यावर काळपट सावली असते आणि ती तशीच ठेवायची असते. यानं चिंच की भांड्याची पावडर लावून कढईसारखं घासलेलं. हातात घेतलं, कड फिरवली. कोरी. पूर्ण फिरवली, पुन्हा फिरवली. कोरी. माप घ्यायचा व्हर्नियर खिशात असतोच, लावला. ३६ पाहिजे तिथं ३५.३, आणि दुसऱ्या बाजूनं ३५.५. कडेवर बारीक तिरके ओरखडे.

"हे घासलंय."

"हो मग. मीच घासलं कानशीनं," अगदी सहज म्हणाला. "नाव असलं ना काका, की कटकट. कोणतरी येतं, आमच्या पणज्याचं आहे म्हणतं, भावकी निघते. घासलं की माल क्लिअर."

"काय नाव होतं?"

"आता काय आठवतंय? माण तालुक्याकडून आलं होतं लॉटमध्ये. मराठी काहीतरी होतं."

मराठी काहीतरी! माझा आवाज चढला, दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली, आयोजक धावत आले आणि मलाच म्हणाले, "काका, प्रदर्शनाचं वातावरण बिघडतंय." हा माणूस एका शिपायाचं नाव कानशीनं पुसून बसलाय, त्यानं बिघडलं नाही, माझ्या आवाजानं बिघडलं. मी त्याला विचारलं, याच्यासोबत स्टार होता का? होता म्हणे, तो मुंबईच्या पार्टीला गेला. त्याच्यावर नाव होतं का? "असेल, मी काय वाचत बसतो काय?"

शेवटी तो म्हणाला, "घ्यायचं असेल तर चांदीच्या भावात देतो, तीस ग्रॅम भरतंय. नाहीतर उद्या आटणीला जाणारच आहे." घेतलं. न घेऊन काय करणार होतो? बायको म्हणाली, कोरं पदक पैसे देऊन आणलंत, तुम्हाला वेड लागलंय. बरोबर आहे तिचं.

माझ्या कपाटात सहा खण आहेत, १९२२ च्या आधीच्या सहा मराठा पलटणींचे. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. गेले चार दिवस ते पदक डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी पडून आहे, कारण त्याला कुठल्या खणात ठेवायचं ते मला कळत नाहीये. मराठाच होता का तो, हेही कुणाला सांगता येणार नाही आता. माणचा होता म्हणजे तोफखान्यात खेचरं हाकणाराही असेल. खालच्या तळहाताएवढ्या डबीत ठेवावं म्हटलं, तर त्यात जुनी बटणं आहेत.

आज सकाळी आयोजकांनी पोस्टानं सहभागाचं प्रमाणपत्र पाठवलंय. आडनाव चुकलंय आणि खाली लिहिलंय 'ज्येष्ठ नाणेसंग्राहक'. सोबत चिठ्ठी: दुसऱ्या खुर्चीचे दीडशे बाकी आहेत.