हस्तक्षेप न करता निरीक्षण करा

पुस्तकातलं मूल एकटं असतं. त्याला सर्दी नसते. ते 'वयोगट ३ ते ६' मध्ये शहाण्यासारखं बसतं, सांगितल्यावर गोल काढतं आणि पुढच्या परिच्छेदात आकलन करतं. माझ्या वर्गातली मुलं घोळक्याने येतात, आणि आकलनाच्या आधी त्यातल्या निम्म्यांना शू लागलेली असते.

मी बालवाडीची ताई. जुना एक बालवाडीचा कोर्स, गाण्यांची वही आणि खणखणीत आवाज एवढ्या भांडवलावर माझं छान चाललं होतं. मग २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, तीन ते आठ हे वय 'पायाभूत स्तर' म्हणून कागदावर चढलं, आणि आमच्या संस्थेला एकदम साक्षात्कार झाला की पाया घालणाऱ्या बाईकडे पदवी हवी. पगाराबद्दल मात्र कसलाच साक्षात्कार झाला नाही. तेव्हापासून मी सकाळी मुलं सांभाळते आणि रात्री, भांडी घासून झाली की, मुलं कशी सांभाळावीत ते वाचते.

दूरशिक्षणाच्या पुस्तकांची एक भाषा असते आणि ती चावते. पण एकदा अंगवळणी पडली की तिच्यासारखा आधार नाही. पोराने भिंतीवरचा तक्ता टराटरा फाडला, तर तो सूक्ष्म कारक विकास, म्हणजे बोटांच्या बारीक हालचालींचा. बाकावरून उडी मारून दुसऱ्याच्या डब्यात पडला, तर स्थूल कारक विकास, म्हणजे हातापायांच्या मोठ्या हालचालींचा. शेजारच्याला चावला, तर भावनांची अभिव्यक्ती. पूर्वी पालकांना "आज जरा दंगा केला हो" असं चाचरत सांगावं लागायचं. आता मी म्हणते, "आज त्याचा सर्वांगीण विकास झाला." आई खूश होऊन जाते, आणि मग दुसऱ्या दिवशी विचारते, "ते ठीक आहे, पण एबीसीडी कधी घेणार?"

प्रतीकात्मक खेळाचा धडा मला सगळ्यात आवडला. मूल एका वस्तूला दुसरीच वस्तू मानून खेळतं, ते मोठं बौद्धिक पाऊल असतं म्हणे. आमच्या वर्गात एकजण डस्टर कानाला लावून येरझाऱ्या घालतो आणि म्हणतो, "हां, ऐकतोय गं, मीटिंगमध्ये आहे, दूध तूच आण." पालकसभेत त्याचे बाबा समोर बसले की मला त्यांच्याकडे बघवत नाही.

खरा छळ गृहपाठाचा. एका बालकाचं पंधरा मिनिटं निरीक्षण करा, दर मिनिटाला नोंद ठेवा आणि अजिबात हस्तक्षेप करू नका. 'अजिबात' ठळक अक्षरात. मी वही घेऊन कोपऱ्यात बसले. मी गप्प बसलेय हे बघून मदतनीस मावशी धावत आल्या. "ताई, बीपी लो झालं का?" त्यांना खुणेनेच घालवलं. माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत:

९.४० : बालक लाल मणी निरखत आहे.
९.४१ : बालक मणी जिभेने तपासत आहे.
९.४२ : मणी नाकपुडीच्या दिशेने.
९.४३ : निरीक्षण खंडित.

समंत्रकांनी, म्हणजे दूरशिक्षणातल्या आमच्या शिक्षकांनी, वही परत दिली तेव्हा त्यावर शेरा होता, 'निरीक्षण पूर्ण करावे.' मणी आत गेल्यावरच्या नोंदी कुठल्या रकान्यात लिहायच्या, ते मात्र त्यांनी लिहिलं नव्हतं.

मुलांच्या विचारांचे वयानुसार टप्पे मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजेंनी आपल्या तीन मुलांच्या बाळपणाचं बारीक निरीक्षण करून तीन पुस्तकं लिहिली. तीन मुलं! आणि या निरीक्षणात हाताशी बायको, वॅलेंटाईन. पियाजे लिहीत असताना लंगोट कोण बदलत होतं, यावर एकदा तरी पाच गुणांचा प्रश्न यायला हवा.

घरी वेगळीच तऱ्हा. मिल्ड्रेड पार्टेन या बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार लिहिले. त्यातला एक समांतर खेळ: मुलं शेजारी शेजारी बसतात, सारख्याच खेळण्याने खेळतात, पण एकमेकांशी काही देणंघेणं नाही. मी हे वाचून मान वर केली तर सोफ्यावर सासरे आणि नवरा आपापल्या मोबाईलमध्ये. 'हा टप्पा साधारण दोन-तीन वर्षांच्या वयात ठळक दिसतो,' असं पुस्तकात होतं. मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं. एकानेही मान वर केली नाही. तेही पार्टेनबाईंच्या म्हणण्याला धरूनच झालं.

शिवाय 'टाकाऊतून टिकाऊ'चं साहित्य. बाटल्यांची बुचं, आगपेट्या, आइस्क्रीमच्या काड्या, चिंचोके. मी जमवते आणि सासूबाई झाडतात. भंगारवाल्याकडून मी माझीच बुचं परत आणली आहेत, तीही घासाघीस करून.

संपर्क सत्र रविवारी दुपारी असतं. आम्ही सगळ्या नोकरीवाल्या, पोटात पुरीभाजी, वर पंखा फिरतोय. समोर समंत्रक सांगत असतात की बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघ तेराव्या वर्षी विधवा झाल्या आणि नोकरी करता करता रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झाल्या. पुढे ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीत आणि कोसबाडला मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात भरवली. माझी झोप या गोष्टीला दरवेळी उडते. म्हणजे शिंपले, पानं, बिया गोळा करून शिकवणाऱ्या या बायकांनी बिनखर्चाचं साहित्य आधीच वापरून दाखवलंय, आणि माझ्या सासूबाई अजून मला वेडी समजतात. शेजारच्या बाई मात्र गाढ झोपलेल्या असतात. त्यांच्या वर्गात चाळीस मुलं आहेत. त्यांना मी कधी उठवत नाही.

आणि मग प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरच्या परीक्षकबाई वर्गावर येणार होत्या. मी पियाजेंचा प्रसिद्ध प्रयोग निवडला. दोन सारख्या ग्लासांत सारखंच सरबत. मुलांनी 'सारखं' म्हणायचं. मग एकातलं सरबत मुलांच्या डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? चार वर्षांचं मूल उंच ग्लासाकडे बोट दाखवतं. सातच्या आसपास त्याला कळू लागतं की ओतल्याने काही वाढत नाही. पाण्याने प्रयोग नीट झाला असता, पण मे महिना जवळ आला होता आणि घरी कोकम सरबताची बाटली फुटायला टेकली होती.

ओतलं. विचारलं. पहिला म्हणाला, "माझी आई साखर जास्त घालते." दुसरी म्हणाली, "ताई, तुमची साडी लाल झाली." तिसरा बराच वेळ दोन्ही ग्लासांकडे बघत राहिला. परीक्षकबाईंनी पेन सरसावलं. तो म्हणाला, "आधी सांगा, मला कुठला मिळणार?"

या उत्तराला पियाजेंकडे टप्पा नाही. मी परीक्षकबाईंकडे बघितलं, त्यांनी कागदाकडे. शेवटी त्यांनी 'विद्यार्थी-प्रतिसाद: समाधानकारक' असं लिहिलं, उकाड्याबद्दल काहीतरी बोलल्या, आणि मी आग्रहाने दोन्ही ग्लास पुढे केले तेव्हा क्षणभरही विचार न करता उंच ग्लास उचलला.